हेस्टिंग्जला न जुमानणारा मुद्रक

भारतातील पहिले छापील वृत्तपत्र काढणाऱ्या माणसाचे चरित्र सत्कारसमारंभात वाचून दाखविण्याजोगे खचितच नाही. तो कर्जबाजारी होता, तोंडाने फटकळ होता, शीघ्रकोपी होता, आणि त्याच्या वृत्तपत्राचा जन्म झाला तो कोणत्याही उदात्त ध्येयापोटी नसून पोटाची खळगी भरण्याच्या खटपटीतून. तथापि २९ जानेवारी १७८० रोजी, शनिवारी, कलकत्त्यात जेम्स ऑगस्टस हिकी याने ‘बेंगॉल गॅझेट’चा पहिला अंक काढला आणि त्यानंतरच्या अवघ्या सव्वादोन वर्षांत गव्हर्नर जनरल, सरन्यायाधीश व मिशनरी अशा तिघांशीही एकाच वेळी वैर ओढवून घेतले. वृत्तपत्र आणि सरकार यांच्यातील संघर्षाचे जे प्रकार पुढल्या दोन शतकांत या देशाने पाहिले, त्यांतील बहुतेक सारे या सव्वादोन वर्षांत एकदा तरी घडून गेले होते. टपालबंदी झाली, सरकारच्या मर्जीतले प्रतिस्पर्धी पत्र निघाले, न पेलणारा जामीन मागितला गेला, बदनामीचे खटले झाले, आणि शेवटी छापखान्याची जप्तीही झाली.

हिकी मूळचा आयर्लंडचा. लंडनमध्ये एका मुद्रकाकडे त्याने उमेदवारी केली, पुढे एका वकिलाच्या कचेरीत कारकुनी केली. दोन्हींकडे तो टिकला नाही. अखेर कंपनीच्या जहाजावर शस्त्रवैद्याचा मदतनीस म्हणून चढून तो १७७०नंतरच्या दोन-तीन वर्षांत कलकत्त्यास उतरला. बंगालमध्ये पैसा झाडाला लागतो अशी विलायतेत त्या काळी समजूत होती, आणि कंपनीच्या वरिष्ठ नोकरांपुरती ती खोटीही नव्हती. हिकी मात्र त्या वर्गातला नव्हता. त्याने थोडी डॉक्टरी केली, कर्ज काढून किनाऱ्यावरचा व्यापार केला. वादळात माल बुडाला, सावकार दारात उभे राहिले, आणि १७७६ साली कर्जाच्या पायी त्याची तुरुंगात रवानगी झाली.

त्या काळचा कर्जदारांचा तुरुंग म्हणजे एक चमत्कारिक संस्था होती. कैद्याने आपल्या खर्चाने राहावे, जमल्यास धंदा करावा आणि सावकाराचे पैसे फेडावेत, अशी ती व्यवस्था. हिकीला उमेदवारीतले मुद्रण आठवले. शिल्लक राहिलेल्या थोड्या पैशांतून त्याने छापण्याचे यंत्र व खिळे जमविले आणि तुरुंगातच जाहिराती, पंचांगे, नमुन्याचे कागद असली किरकोळ कामे छापण्यास प्रारंभ केला. विल्यम हिकी नावाच्या एका वकिलाने त्याची बाजू सांभाळून त्याला बाहेर काढले. नावात साम्य असले तरी दोघांचा नात्याचा संबंध नव्हता. बाहेर पडल्यावर त्याला सैन्याची नियमावली छापण्याचे मोठे सरकारी काम मिळाले. काम अवाढव्य, आणि बिल मात्र कचेरी-कचेरीतून फिरत राहिले. सरकारी देयकाच्या मागे चपला झिजविलेल्या कोणासही हिकीच्या त्या दिवसांतील मनःस्थितीची कल्पना सहज यावी. अडकलेले हे पैसेच त्याला वृत्तपत्राकडे घेऊन गेले, असे मानण्यास जागा आहे.

पत्र साप्ताहिक होते व चार पानांचे होते. ते सर्व पक्षांना खुले राहील आणि कोणाच्याही दडपणाखाली राहणार नाही अशी ग्वाही त्याने शीर्षभागीच देऊन ठेवली होती. प्रारंभीचे अंक चाळले तर त्यात क्रांतीचा मागमूस नाही. जहाजांच्या येण्याजाण्याच्या वार्ता, लिलावाच्या जाहिराती, विलायतेच्या शिळ्या बातम्या, शहरातील गटारांची व रस्त्यांची दुर्दशा, आगीत झोपड्या जळून बेघर झालेल्या गोरगरिबांविषयी चार शब्द, आणि युरोपियन समाजातील लग्ने, भांडणे व चेष्टा. राजकारणाच्या वादात पडावयाचे नाही असा त्याचा आरंभीचा मनोदय दिसतो. तो फार काळ टिकला नाही.

त्यासाठी त्या वेळच्या कलकत्त्याची स्थिती थोडी ध्यानात घेतली पाहिजे. १७७३च्या नियामक कायद्याने गव्हर्नर जनरल व त्याचे कौन्सिल निर्माण केले, आणि पाठोपाठ १७७४ साली सुप्रीम कोर्ट स्थापन झाले. कंपनीच्या नोकरांच्या बेबंद लुटीला आळा बसावा हा त्यामागील हेतू. न्यायालय सरकारवर नजर ठेवील, कौन्सिलातील सभासद गव्हर्नर जनरलला लगाम घालतील, अशी ती योजना कागदावर होती. प्रत्यक्षात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि सरन्यायाधीश सर एलायजा इम्पी हे वेस्टमिन्स्टर शाळेतले जुने सोबती. हेस्टिंग्जवर लाचलुचपतीचे आरोप करणारा महाराजा नंदकुमार १७७५च्या ऑगस्टमध्ये जुन्या एका बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्यासाठी फासावर गेला होता, आणि शिक्षा सुनावणारा न्यायाधीश इम्पीच होता. त्या फाशीनंतर हेस्टिंग्जविरुद्ध तोंड उघडण्यास कलकत्त्यात फारसे कोणी धजेना. कौन्सिलातला त्याचा एकमेव प्रबळ विरोधक फिलिप फ्रान्सिस हा १७८०च्या ऑगस्टमध्ये हेस्टिंग्जशी झालेल्या द्वंद्वयुद्धात पिस्तुलाच्या गोळीने जखमी झाला आणि वर्षअखेर विलायतेस परतला. विरोधी पक्ष असा जहाजात बसून निघून गेल्यावर विरोधाचे काम करण्यास मागे उरला तो एक कर्जबाजारी मुद्रक.

वास्तविक सत्ताधाऱ्यांमधील वादात न्यायालयाला विकत घेता येते, ही गोष्ट हिकीने ज्या प्रकरणावरून लोकांसमोर मांडली ते प्रकरण दिसावयास साधे होते. बंगालमधील नद्यांचे बांध आणि पूल यांची दुरुस्ती, ज्याला तिकडे पूलबंदी म्हणत, हे दरवर्षीचे मोठ्या खर्चाचे काम. बांध फुटला तर गावेच्या गावे वाहून जावीत इतके ते महत्त्वाचे. बरद्वान भागातील या कामाचा मक्ता इम्पीचा नातलग आर्किबाल्ड फ्रेझर याला देण्यात आला. सरन्यायाधीशाच्या घरी ठेका गेला याचा अर्थ न समजण्याइतके कलकत्त्याचे लोक भोळे नव्हते. परंतु तो अर्थ बोलून दाखविणे निराळे, आणि दर शनिवारी छापून दाखविणे निराळे. हिकीने सरन्यायाधीशाचे बारसेच केले; त्याच्या पत्रात इम्पी ‘लॉर्ड पूलबंदी’ या नावाने वावरू लागला. पुढे १७८०च्या ऑक्टोबरात हेस्टिंग्जने इम्पीला कंपनीच्या सदर दिवाणी अदालतीचे प्रमुखपद आणि दरमहा ५,००० रुपयांचे जादा वेतन देऊ केले, तेव्हा तर झाकून ठेवण्याजोगे काही उरले नाही. ज्या न्यायाधीशाने सरकारच्या कृत्यांची छाननी करावयाची तोच सरकारच्या पगारपत्रकावर आला. दुसरा न्यायाधीश सर रॉबर्ट चेंबर्स यालाही १७८१ साली डचांकडून घेतलेल्या चिन्सुऱ्यात असेच पद मिळाले. तिसरा जॉन हाइड. त्याने असले काही घेतले नाही, आणि हिकीने त्याला टोपणनाव दिले तेही न्यायाच्या तराजूवरून.

ही माहिती हिकीकडे येत होती कोठून? त्याच्याजवळ बातमीदारांचा ताफा नव्हता. पत्रे येत होती. टोपणनावांनी लिहिलेली, काही थट्टेची, काही नाटकाच्या जाहिरातीच्या रूपात पात्रांची यादी देणारी, काही सरळ आरोप करणारी. लिहिणारे कोण हे बहुतांशी अज्ञातच राहिले, परंतु त्यांतील मजकूर पाहिला म्हणजे कचेरीच्या आत बसणाऱ्या, मक्ते कोणाला गेले हे डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसांचा हात त्यांत असला पाहिजे असे वाटते. सैन्यातील कनिष्ठ अधिकारीही त्याला लिहीत. वरिष्ठांचे खिसे भरत असताना छावणीतल्या माणसाचा पगार व भत्ता थकतो, ही त्यांची तक्रार हिकीने आपली मानली, कारण ती त्याचीच तक्रार होती.

मराठी वाचकाच्या दृष्टीने त्या अंकांचा आणखी एक धागा आहे. त्या वर्षांत कंपनीचे मराठ्यांशी पहिले युद्ध चालू होते. राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसविण्याचा मुंबईकरांचा डाव १७७९च्या जानेवारीत वडगावला पुरता फसला होता, आणि ती नामुष्की धुऊन काढण्यासाठी हेस्टिंग्जने बंगालचा खजिना पश्चिमेकडे ओतला. तिकडे दक्षिणेत हैदरअलीने १७८०च्या सप्टेंबरात पोल्लिलूर येथे कर्नल बेलीची फौज कापून काढली. या युद्धांचा खर्च कशासाठी, त्यात मरणाऱ्या शिपायांचे रक्त कोणाच्या महत्त्वाकांक्षेपायी सांडते, हे प्रश्न हिकीच्या पत्राने कलकत्त्यात जाहीरपणे विचारले. नाना फडणवीसांविषयी त्याला प्रेम होते असा याचा अर्थ नव्हे. शत्रूचे कौतुक करण्याइतका तो उदार नव्हता. आपले सरकार आपल्याच माणसांना फसवीत आहे, एवढेच त्याचे म्हणणे होते. सालबाईचा तह १७८२च्या मे महिन्यात झाला तेव्हा त्यावर लिहिण्यास त्याचे पत्र शिल्लक राहिलेले नव्हते.

सरकारचा पहिला घाव पडला तो टपालावर. बर्नार्ड मेसिंक व पीटर रीड या दोघांनी दुसरे पत्र काढण्याचे ठरविले होते, आणि त्याला टपालाची सवलत व हेस्टिंग्जचा आशीर्वाद मिळाला. सिमियन ड्रोझ या कंपनीच्या अधिकाऱ्याने अशाच कृपेसाठी हेस्टिंग्जच्या पत्नीमार्फत वशिला लावण्याचा मार्ग आपणांस सुचविला होता आणि आपण तो झिडकारला, असे हिकीने छापून टाकले. लागलीच १४ नोव्हेंबर १७८० रोजी कौन्सिलाचा हुकूम निघाला, की खाजगी व्यक्तींची नालस्ती करणारे व वसाहतीची शांतता बिघडविणारे हे पत्र टपालातून जाऊ नये. चारच दिवसांनी प्रतिस्पर्ध्याचे ‘इंडिया गॅझेट’ बाहेर पडले. हिकी डगमगला नाही. त्याने अंक वाटण्यासाठी वीस हरकारे नेमले, आणि प्रसंगी आपण गाणी रचून कलकत्त्याच्या रस्त्यांवरून विकत फिरू, पण जुलमापुढे मान तुकविणार नाही, असे जाहीर केले. टपालबंदीने पत्र मरावयाचे ते उलट अधिक वाचले जाऊ लागले. हेस्टिंग्ज मोठा मुत्सद्दी खरा. परंतु बंदी घातलेला कागद वाचण्याची माणसाला अधिकच ओढ लागते, एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही.

येथे हिकीच्या बाजूने बोलणाऱ्यानेही थोडे थांबावयास हवे. टपालबंदीनंतर त्याची लेखणी बेताल झाली. हेस्टिंग्जच्या राज्यकारभारावर टीका करता करता तो त्याच्या शयनगृहात शिरला, त्याच्या पत्नीच्या पूर्वायुष्यावर शिंतोडे उडवू लागला. ज्या फिलिप फ्रान्सिसचे स्वतःचे खाजगी आयुष्य कलकत्त्यात चवीने चघळले जात होते, त्याच्याविषयी मात्र हिकीचे पत्र आश्चर्यकारकरीत्या सौम्य. कोणाच्याही दडपणाखाली न राहण्याची प्रतिज्ञा फ्रान्सिसच्या बाबतीत कितपत पाळली गेली हा प्रश्न त्या वेळीही विचारला जात होता. शिवाय हिकीचे पत्र युरोपियनांसाठी होते. ज्या बंगालने १७७० साली भीषण दुष्काळ सोसला, त्या बंगालच्या रयतेचे दुःख त्याच्या चार पानांत तुरळकच उमटले. मक्त्यातला पैसा शेवटी येतो तो रयतेच्या सारावसुलीतून, इथवर त्याचा हिशेब पुरेसा पोहोचला नाही. ही उणीव मोठी आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही.

मिशनरी कीर्नांडर याचे प्रकरणही असेच मिश्र स्वरूपाचे. स्वीडिश धर्मोपदेशक कीर्नांडरने स्वतःच्या पैशाने कलकत्त्यात मिशन चर्च उभारले होते. त्याने मिशनचे खिळे प्रतिस्पर्धी पत्राला विकले, आणि देवाच्या घराचाही सौदा करण्यास निघाला, असा गवगवा हिकीने केला. धर्मादाय पैशाचा हिशेब मागणे गैर नव्हे, पण येथे स्पर्धकाला साहाय्य करणाऱ्याविषयीचा राग किती आणि सार्वजनिक हिताची चाड किती, हे निवडणे कठीण.

१७८१च्या जूनमध्ये हेस्टिंग्ज व कीर्नांडर यांच्या फिर्यादींवरून हिकीला पकडण्यात आले. जामीन मागितला गेला तो ८०,००० रुपयांचा. खिळ्यांवर पोट भरणाऱ्या मुद्रकाने ही रक्कम कोठून आणावी? तो आत राहिला. खटले चालले ते सुप्रीम कोर्टात, आणि मुख्य आसनावर होता सर एलायजा इम्पी. ज्याला हिकीने लॉर्ड पूलबंदी केले होते, तोच त्याच्या न्यायाला बसला होता.

त्या काळच्या इंग्रजी कायद्याची रीतच अशी होती, की आरोपीने छापलेले खरे आहे हे सिद्ध करूनही त्याचा बचाव होत नसे. फौजदारी बदनामीत सत्य हा बचाव नव्हता. उलट मजकूर खरा असेल तर शांतताभंगाची भीती जास्त, असे न्यायपंडित गंभीरपणे सांगत. ज्यूरीने केवळ हे ठरवावयाचे, की मजकूर आरोपीने छापला काय; तो बदनामीकारक आहे काय हे न्यायाधीश ठरविणार. या दुसऱ्या गोष्टीचा अधिकार इंग्लंडमध्ये ज्यूरीला मिळाला तो १७९२च्या फॉक्सच्या कायद्याने, आणि सत्य व सार्वजनिक हित हा बचाव फौजदारी खटल्यात मान्य झाला तो १८४३ साली. हिकी या दोहोंच्या फार आधी जन्मला. असे असूनही हेस्टिंग्जच्या पहिल्या खटल्यात ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले. कलकत्त्याच्या व्यापारी-दुकानदारांतून निवडलेल्या ज्यूरीचा हा निवाडा सरकारला चांगलाच झोंबला असला पाहिजे. पुढील खटल्यांत मात्र तो दोषी ठरला आणि त्याला कैद व दंड अशी शिक्षा झाली. या कामकाजाची आज जी बारीक माहिती मिळते, ती पुष्कळशी त्याच न्यायासनावर बसलेल्या हाइडने स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या टिपणवह्यांमुळे. एका न्यायाधीशाने इमानाने नोंदी केल्या म्हणून दुसऱ्याचे वर्तन दोनशे वर्षांनंतर तपासता येते.

शिक्षा झाली, पण पत्र थांबले नाही. ज्या तुरुंगात त्याने पहिल्यांदा छपाई सुरू केली होती तशाच तुरुंगातून तो आता अंक काढू लागला, आणि सुमारे नऊ महिने दर आठवड्याला काढीत राहिला. बनारसचा राजा चेतसिंग याच्याकडून खंडणीवर खंडणी मागून हेस्टिंग्जने १७८१च्या ऑगस्टमध्ये त्याला बंडाला उद्युक्त केले आणि स्वतःचाच जीव धोक्यात घातला. त्या काळात हिकी कैदेत होता, पण गप्प नव्हता. तेव्हा सरकारने नवे दावे दाखल केले आणि अखेर मार्च १७८२ मध्ये न्यायालयाच्या हुकुमाने त्याचे खिळेच जप्त करण्यात आले. खिळे गेले आणि ‘बेंगॉल गॅझेट’ संपले.

योगायोग असा की त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १८८२च्या जुलैमध्ये, कोल्हापूर दरबारच्या दिवाणाची बदनामी केल्याबद्दल टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. तेथे ज्या पत्रांच्या आधारावर ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी लिहिले ती पत्रे बनावट निघाली होती. हिकीच्या प्रकरणातील मक्ता, पगार आणि नेमणुका या गोष्टी मात्र सरकारी दप्तरातच नोंदलेल्या होत्या. त्या खोट्या आहेत असे इम्पीला म्हणता येण्यासारखे नव्हते.

हे सर्व विलायतेतही पोहोचत होते. सदर दिवाणी अदालतीचे पद स्वीकारल्याबद्दल इम्पीला परत बोलवावे असा ठराव कॉमन्स सभेने १७८२च्या मे महिन्यातच केला, म्हणजे हिकीचा छापखाना बंद पडल्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी. १७८३च्या अखेरीस इम्पीने कलकत्ता सोडले. त्याच्यावरील महाभियोगाची सूचना १७८८ साली फेटाळली गेली. हेस्टिंग्जवरचा महाभियोग त्याच वर्षी लॉर्ड्स सभेपुढे सुरू झाला. चेतसिंग, अयोध्येच्या बेगमा, नजराणे आणि मक्ते हे त्यातील विषय. कंपनीच्या अध्यक्षाचा मुलगा स्टीफन सुलिव्हन याला दिलेला अफूचा मक्ता, जो त्याने लगोलग ४०,००० पौंडांना दुसऱ्याला विकला, तोही त्यांत होता. हिकीने कलकत्त्यात ज्या तऱ्हेच्या गोष्टी मोडक्यातोडक्या विनोदाने लिहिल्या, त्याच तऱ्हेच्या गोष्टी आता बर्कच्या वाणीतून राजघराण्यातील मंडळी तिकिटे काढून ऐकत होती. सात वर्षांनी, १७९५च्या एप्रिलमध्ये, हेस्टिंग्ज निर्दोष सुटला आणि कंपनीने त्याला निवृत्तिवेतन बांधून दिले.

हिकीला तुरुंगातून बाहेर पडावयास १७८४चा नाताळ उजाडला. हेस्टिंग्ज विलायतेस परत निघाला होता आणि जाता जाता त्याने हिकीकडून येणे असलेली रक्कम माफ केली. बाहेर आलेल्या हिकीजवळ ना खिळे होते ना पत्र. पदरी मोठे कुटुंब. सैन्याच्या नियमावलीच्या छपाईचे जुने बिल मात्र त्याने सोडले नव्हते. अर्जामागून अर्ज करीत तो सरकारी दारे ठोठावीत राहिला. पुष्कळ वर्षांनी त्याच्या मागणीच्या मानाने थोडकी रक्कम त्याच्या हाती पडली. वृत्तपत्र काढण्याचा त्याने पुन्हा यत्न केला नाही. दरम्यान मुंबईत व मद्रासेत पत्रे निघाली होती, आणि १७९९ साली लॉर्ड वेलस्लीने छापण्यापूर्वी मजकूर सरकारी सचिवाला दाखविण्याचा नियम करून साऱ्यांची तोंडे एकदमच बांधली. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली निघाले तेव्हा हिकीचे नाव मुंबईत कोणाच्या ओठी असेल असे दिसत नाही.

त्याच्या अखेरच्या वर्षांविषयी थोडेच ठाऊक आहे. काही डॉक्टरी, काही व्यापार असे त्याचे चालले होते. १८०२ साली तो चीनकडे जाणाऱ्या जहाजावर चढला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात वाटेतच वारला. त्याच्या पत्राचे जे अंक वाचले, ते आज जगातील मोजक्या ग्रंथालयांत आहेत.